चार ते सहा या वेळात

कुदळे म्हणाले, मॅडम, सकाळी नको,
सकाळी तुमचा हॉल आजारी दिसतो.
चार ते सहा. तेव्हा तळजाईकडून ऊन आत येतं
आणि स्क्वेअर फुटामागे दोनशे रुपये ठेवून जातं.

बाकीचं त्यांनी बोलून पाठवलं, तीन मिनिटांचं:
फ्रिजवरची चुंबकं काढा. बाल्कनीतली सायकल भंगारात.
देव राहू देत, पण फोटो नकोत,
घेणाऱ्याला भिंतीवर आपली माणसं लावून बघता आली पाहिजेत.
आणि (इथे ते खाकरले)
रविवारी साहेबांना बोलवून घ्या.
एकटी बाई विकतेय म्हटलं की
लोक पाच लाख खाली उतरूनच बोलायला बसतात.

मुस्तकीमने भिंतींतून खिळे उपटले.
एकतीस. मी वाटीत मोजत गेले.
पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, मग विचारलं,
ताई, इथे एवढं मोठं काय होतं? रंगच वेगळा राहिलाय.
घड्याळ, म्हटलं.
घड्याळ नव्हतं.

बेडरूमच्या कोपऱ्यात वरच्या ओसवालांची ओल.
तिच्यावर दोन हात, बदामी.
कुदळ्यांनी लांबून पाहिलं, मान हलवली:
फक्त पावसाळ्याच्या आत सौदा झाला पाहिजे.

विद्याधर साडेतीनला आला.
बेल वाजवून. किल्ली आहे त्याच्याकडे अजून.
पिशवीत पाना, टेफ्लॉन टेप
आणि दात घासायचा एक नवा ब्रश, हिरवा.
दोन दिसायला हवेत ना, म्हणाला,
आणि माझ्या ब्रशशेजारी मगात उभा केला.
मग सिंकखाली आडवा झाला
आणि मुग्धा दहावीत असल्यापासून गळणारा नळ
वीस मिनिटांत बंद केला.
मी वेलदोडे ठेचत होते.
चहा कुणाला द्यायचा नव्हता, वास हवा होता.
नळाचं थांबणं
दोघांनाही ऐकू आलं.

पहिल्यांनी मोबाइलवर होकायंत्र काढलं.
संडास ईशान्येला. चपला घालून गेले.
दुसऱ्यांनी पार्किंग पाहिलं आणि खालूनच वळले.
तिसरी तनुजा, नवरा हडपसरला कामाला,
ही मात्र कपाट उघडून आतला वास घेणारी.
का विकताय? तिने विचारलं.
पाठ केलं होतं आम्ही: मोठं घर घेतोय.
विद्याधर म्हणाला, दोन घेतोय.
कुदळे खूश. बघा, म्हणाले, साहेबांची झेप!
नवऱ्याने आदराने पाहिलं.
मी खिडकी उघडली. टेकडीवर मोर ओरडला, अगदी वेळेवर,
त्याचे पैसे मात्र कुदळ्यांनी लावले नव्हते.

पाणी कसं आहे?
दोन वेळा. टँकर कधीच नाही.
शेजार?
शेजार बरा आहे.
आणि मग तिने तळहात ठेवला
नेमका त्या बदामी कोपऱ्यावर,
लहान मुलाचा ताप बघावा तसा.

इथे ओल आहे, मी म्हटलं. जुलैत वर येईल.
कुदळे स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.
विद्याधरने माझ्याकडे पाहिलं,
कितीतरी दिवसांनी, सरळ,
जणू मी त्याच्याबद्दलच काहीतरी खरं बोलले होते.

तीन लाख उतरले. नवव्या दिवशी टोकन आलं.
सोसायटीची एनओसी, थकबाकी शून्य,
मुग्धाचा नाशिकहून फोन, दोन पेशंटांच्या मधे: गेलं?
गेलं.

ताबा द्यायच्या आदल्या रात्री
रिकाम्या बाथरूममध्ये तो हिरवा ब्रश सापडला,
कुणीही न वापरलेला.
त्याने मी नळाच्या बुडातला काळा थर घासून काढला,
फरशीच्या सांधीसुद्धा, एकेक.
एवढं कुणी सांगितलं नव्हतं.
भाव तर केव्हाच ठरला होता.